वीस टक्क्यांच्या आतला पाय

पिंपळीच्या सैन्यभरती अकॅडमीत गुरुवारी पोरांना पळवत नसत. गुरुवार मेडिकलचा. कालव्याच्या कडेला, उसाच्या फडाला लागून पत्र्याची लांब शेड होती. तिच्यात पोरं हाफ पँटीवर रांगेत उभी राहायची आणि सोमनाथ चंदनशिवे एकेकाला पायापासून डोक्यापर्यंत बघत पुढं सरकायचा. गुडघे एकमेकांना घासतात का, तळवा सपाट आहे का, कोपर सरळ होतं का, कानात मळ साचलाय का. गुडघे घासणाऱ्याला तो झोपताना मांड्यांच्या मध्ये उशी बांधायला सांगे, सपाट तळव्याच्याला वाळूच्या ढिगावर अनवाणी चालवी. एवढं सगळ्याच अकॅडम्यांत सांगतात. सोमनाथचं नाव होतं ते त्याच्या पुढच्या धड्यासाठी.

"कुठं दुखतंय का?" तो मध्येच, दुसरीकडं बघत विचारायचा.

"न्हाय, सर!"

उत्तर छातीतून यायला पाहिजे, आणि प्रश्न संपायच्या आत. जो जरा घुटमळला, "तसं थोडं" म्हणाला, त्याला तिथूनच ग्राउंडाला चक्कर.

"डॉक्टर म्हंजी तुमचा मामा न्हाय," सोमनाथ सांगायचा. "त्यो इचारतो ते तुमची काळजी म्हनून न्हाय. फुली मारायला जागा हुडकतोय त्यो. आपुन जागा द्यायची न्हाय. जागा दिली, की गेलाच घरी. मग घाला बैलांना वैरण."

पोरं हसायची. पण त्याच्या हाताखालची पोरं मेडिकलला अडकत नसत, ही गोष्ट खरी होती.

अकॅडमी विजयसिंहांची. तरुणपणी तालमीत अंग कमावलेला, मग ऊस वाहतुकीत ट्रॅक्टर घातलेला हा माणूस. त्यात दमला आणि भरतीच्या धंद्यात आला. बोलायला मोकळा, पगार वेळेवर देणारा. फाटकावर त्यानं मोठा फ्लेक्स लावला होता: मागं पांढरा बर्फ, पुढं वर्दीतला सोमनाथ, खाली 'ग्लेशियर गाजवलेले आपले प्रशिक्षक'. पोराला सोडायला आलेला बाप आधी फ्लेक्स बघायचा, मग ग्राउंडावर चकचकीत बुटांत ताठ उभा असलेला माणूस बघायचा, आणि फी भरायचा.

त्या बुटांपैकी डाव्या बुटात पुढं कापूस आणि जुन्या बनियनच्या चिंध्या कोंबलेल्या असत. डाव्या पायाला अंगठा नव्हता, त्याच्या शेजारची दोन बोटंही नव्हती. अकॅडमीत हे कोणालाच माहीत नव्हतं. सोमनाथ आंघोळीला सगळ्यांच्या आधी उठायचा आणि झोपताना मोजे काढायचा नाही.

बोटं ग्लेशियरवर गेली होती. पलटणीची पाळीच होती, पण सगळ्यात वरच्या चौकीसाठी सोमनाथनं आपण होऊन नाव दिलं होतं. तिथल्या जोखमीचा भत्ता वेगळा मिळतो. गावी, बावड्याला, घराच्या भिंती उभ्या होत्या आणि वर पत्रा होता. आईला, ताईबाईला, मरायच्या आधी स्लॅबखाली झोपायचं होतं. वर गेल्यावर एका गस्तीनंतर बोटं बधिर झाली. त्यानं सांगितलं नाही. सांगितलं की खाली पाठवतात, आणि खाली गेलेल्याच्या जागी थकलेल्या माणसाची मुदत वाढते. तिसऱ्या दिवशी बूट काढला तेव्हा बोटांचा रंग बघून त्याच्या शेजारचा जवान मागं सरकला.

लष्करानं हयगय केली नाही. हवामान उघडल्याबरोबर हेलिकॉप्टरनं खाली आणलं, ऑपरेशन केलं, बरं झाल्यावर हलकं काम दिलं. उरलेली वर्षं त्यानं भांडारात ब्लँकेटं आणि जर्सी मोजण्यात घालवली. ताईबाई स्लॅबखाली झोपली, आणि वर्षभरात गेली. मुदत पूर्ण झाल्यावर सोमनाथची घरी जायच्या आधीची वैद्यकीय तपासणी झाली. चूक तिथं झाली, आणि ती त्यानं चांगला विचार करून केली.

तपासणीच्या आदल्या दिवशी बराकीत बोलणं निघालं होतं. बाहेर सिक्युरिटीची नोकरी मिळवायची तर कागदावर अपंगत्व जास्त दिसायला नको, कंपन्या लंगडा माणूस घेत नाहीत, असं तिथं सगळ्यांचं मत पडलं. सोमनाथला ते पटलं. डॉक्टरांनी विचारलं, चालता येतं का. त्यानं चालून दाखवलं. विचारलं, दुखतं का. तो नाही म्हणाला. इजा नोकरीमुळंच झाली हे बोर्डानं बिनतक्रार मान्य केलं. अपंगत्वाची टक्केवारी मात्र विसाच्या आत धरली.

विसाच्या आत म्हणजे काय, हे त्याला घरी आल्यावर सहा-सात महिन्यांनी कळलं. मुदत पुरी करून घरी जाणाऱ्याचं अपंगत्व वीस टक्के किंवा वर असलं, तर साध्या पेन्शनवर अपंगत्वाची वेगळी पेन्शन सुरू होते. विसाच्या आत असलं तर काहीच नाही. अधलंमधलं नाही. साध्या पेन्शनीत घर चालत होतं. पण मुलगी स्वरूपा बारावीला होती; तिला पुढं बारामतीला फार्मसीला घालायचं तर फी त्यात बसणार नव्हती. सिक्युरिटीच्या नोकरीपेक्षा विजयसिंह जास्त देत होते. म्हणून सोमनाथ पिंपळीला गेला.

सोमवारी पहाटेची एसटी, शनिवारी दुपारी परत. शनिवारी बावड्यात पोचला की तो मागच्या अंगणात दगडावर बसायचा आणि करुणा, त्याची बायको, कोमट पाण्याचं घमेलं आणायची. मोजा सरळ निघत नसे. पाणी घालून, भिजवून, हळूहळू सोडवावा लागे. कापलेल्या जागेची कातडी पातळ होती. आठवडाभर पोरांबरोबर बुटातून धावलं की ती फाटायची. रविवारी जरा धरायची, सोमवारी पुन्हा बूट.

"ही काय नोकरी हाय का?" करुणा म्हणायची. "पायाचं भाडं खातोय आपुन."

"स्वरूपाचं शेवटचं वरीस सुरू झालं की सोडतो."

"तंवर पाय ऱ्हातोय का बगा."

बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनीही हेच सांगितलं होतं, जरा वेगळ्या शब्दांत. पायाच्या पुढच्या भागात रक्त नीट पोचत नाही. बूट आणि धावणं बंद केलं तर हा पाय तुम्हाला मरेपर्यंत पुरेल. नाही केलं, तर आधी पुढचा भाग काढावा लागेल आणि नंतरचं मी आत्ताच सांगत नाही. सोमनाथनं मान हलवली. बाहेर आल्यावर करुणाला म्हणाला, "बाई हुशार हाय."

बूट सोडायचा एकच मार्ग होता: ती वीसची रेघ ओलांडणं. तो मार्ग आबासाहेबांनी दाखवला. आबासाहेब कऱ्हाटीचे, निवृत्त सुभेदार. माजी सैनिकांचे अर्ज लिहून देणं हा त्यांचा उद्योग, आणि ज्याचा अर्ज त्याला शिव्या देणं ही त्यांची फी. त्यांनी सोमनाथचं पहिलं अपील लिहिलं, ते फेटाळलं गेलं. दुसरं लिहिलं, तेही गेलं. मग मुंबईला लष्करी न्यायाधिकरणात वकील गाठून दिला. स्वरूपा बारावीला असताना सुरू झालेलं हे प्रकरण ती फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला गेली तेव्हा हललं. निकाल आला: नव्या वैद्यकीय बोर्डानं या माणसाला पुन्हा तपासावं, आणि त्या बोर्डाचं मत अखेरचं.

आबासाहेब कागद घेऊन स्वतः बावड्याला आले. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोखालच्या खुर्चीत बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "आता नीट ऐक. हा शेवटचा डाव. हितं तुला काय खोटं बोलायचं न्हाय. खरं बोलायचंय. तेवडंच तुला जमत न्हाय."

"जमंल की, साहेब."

"चल, चालून दाखव."

सोमनाथ उठला आणि दारापासून न्हाणीपर्यंत चालून आला. पाठ ताठ, हात बाजूला, पाऊल सरळ.

"शाब्बास," आबासाहेब म्हणाले. "आता छातीवर पदक लावू का? अरं, लंगड की जरा!"

"मी लंगडत न्हाय, साहेब."

"लंगडता," करुणा स्वयंपाकघरातून म्हणाली. "मागं चुलीकडं जाताना. कुनी बगत नसलं म्हंजी."

"मग त्येच दाखव. शिनेमातल्यावानी नगं, चुलीकडं जातोस तसं."

सोमनाथनं पुन्हा प्रयत्न केला. डावं पाऊल जरा ओढलं, आणि लगेच त्याच्या मानेवर लाली चढली. दारातून शेजारची कुशाबाई बघत होती. तिला वाटलं, काहीतरी चेष्टा चाललीय. ती तोंडाला पदर लावून हसली. तो जागच्या जागी सावधान उभा राहिला आणि पुढं चाललाच नाही.

"ऱ्हाऊ दे," आबासाहेब म्हणाले. "चालायचं डॉक्टर बगतील. तू तोंडानं सांग. जखम उघडती, रात्री झोप लागत न्हाय, बूट घालवत न्हाय. पाठ कर."

त्यानं पाठ केलं. हिंदीतून केलं, कारण बोर्ड हिंदीत बोलतं. 'सर, चलने में तकलीफ है. जखम बार बार खुलती है.' करुणा भाकरी थापता थापता त्याची उजळणी घ्यायची. घरात त्याला ते बिनचूक यायचं.

तपासणीच्या आधी त्यानं विजयसिंहांकडून आठ दिवसांची रजा घेतली. पाहुण्यांत लग्न आहे म्हणून सांगितलं. ही रजा घ्यावी असं कोणी सुचवलं नव्हतं. पण बोर्डापुढं जायचं म्हणजे अंग तयार पाहिजे, हे नवरा-बायको दोघांनाही इतकं उघड वाटत होतं की त्यावर चर्चाच झाली नाही. नोकरीत पायांची पाहणी व्हायची तेव्हा जवान पाय घासून, नखं कापून, पावडर लावून उभा राहायचा. घाण पाय दाखवणाऱ्याला शिक्षा असे. सोमनाथ आठ दिवस खाटेवर पाय वर ठेवून पडून राहिला. करुणा सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्यानं जखम धुई, डॉक्टरीणबाईंचं मलम लावी, स्वच्छ पट्टी बांधी. लग्न झाल्यापासून नवरा सलग इतके दिवस दिवसाढवळ्या घरात पडलेला तिनं पाहिला नव्हता. चौथ्या दिवशी पाणी यायचं थांबलं. आठव्या दिवशी जखमेवर गुलाबी कातडी धरली होती.

"किती दिसानं बरा दिसतोय," करुणा पाय हातात धरून म्हणाली. तिला आनंद झाला होता.

पुण्याच्या लष्करी रुग्णालयात ती दोघं एसटीनं वेळेच्या बऱ्याच आधी पोचली. करुणाला बाहेरच्या बाकावर बसावं लागलं. आत जाताना सोमनाथनं भांग पुन्हा पाडला. पॉलिश केलेले बूट तो पिशवीतून घेऊन आला होता आणि फाटकापाशी चपला काढून त्यानं ते घातले होते. करुणानं ते पाहिलं. अधिकाऱ्यांपुढं चपलेनं कसं जायचं, हे तिलाही पटलं.

खोलीत तिघं डॉक्टर होते. मध्ये कर्नल, बाजूला एक गप्प लिहिणारे, आणि टोकाला एक तरुण मेजर बाई. बूट-मोजे काढायला सांगितलं. सोमनाथनं काढले, मोज्यांची घडी करून बुटात ठेवली आणि बूट भिंतीला एका रेषेत लावले. कर्नलांनी पाय पाहिला, दाबला, जुने कागद पाहिले, पुन्हा पाय पाहिला. कापलेली जागा कोरडी होती. जखम भरली आहे, असं त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं आणि शेजाऱ्यानं लिहिलं.

"चल के दिखाओ."

सोमनाथ चालला. पलीकडच्या भिंतीपर्यंत गेला, टाचेवर वळला, परत आला. फरशी गुळगुळीत आणि थंड होती. आठ दिवसांच्या विश्रांतीनंतर पायाला खरोखरच फारसं काही होत नव्हतं.

"दर्द होता है?"

"नहीं, सर!"

शब्द बाहेर पडला आणि मग त्याला ऐकू आला. पाठ केलेलं वाक्य तोंडात तसंच होतं. त्यानं ते सोडवायचा प्रयत्न केला.

"कभी कभी, सर..."

कर्नलांनी कागदावरून मान वर केली. "कभी कभी क्या?"

"ठंड में, सर. थोड़ा."

"वो तो होगा." ते चांगल्या स्वरात बोलले. "आजकल क्या करते हो?"

या प्रश्नाचं उत्तर कोणी पाठ करून घेतलं नव्हतं. आबासाहेबांच्याही डोक्यात तो आला नव्हता. सोमनाथला हायसं वाटलं. हे त्याला माहीत होतं.

"सर, अकॅडमी में इन्स्ट्रक्टर हूँ. लड़कों को भर्ती के लिए तैयार करता हूँ. रोज दौड़ाता हूँ, सर."

"खुद भी दौड़ते हो?"

"आगे आगे, सर!"

"बहुत बढ़िया," कर्नल म्हणाले, आणि त्यांना ते मनापासून बरं वाटलेलं दिसलं.

सोमनाथ बूट घालायला वाकला तेव्हा टोकाच्या मेजर बाई उठून जवळ आल्या. मराठीत, हळू आवाजात म्हणाल्या, "काका, काही राहिलं असेल तर आत्ता सांगा. रोज त्रास होतो का? जखम उघडते का? संकोच करू नका."

काका म्हटल्यावर सोमनाथची पाठ आणखी ताठ झाली. समोर मेजर होत्या, मुलीपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांना तो काय सांगणार होता? मोजा भिजवून काढावा लागतो म्हणून?

"तसं काही न्हाय, मॅडम," तो म्हणाला. "ठीक आहे सगळं."

बाई जाग्यावर जाऊन बसल्या.

बाकावरून करुणा उठली. "सांगितलं का?"

"सांगितलं."

"जखमेचं?"

"आता जखमच न्हाय म्हणल्यावर काय सांगायचं?"

ती एसटीत खिडकीकडं तोंड करून बसली. पाटसच्या पुढं गाडी थांबली तेव्हा तिच्या लक्षात आलं की पाय बरा तिनंच केला होता, आणि ते तिच्या लक्षात आलंय हे सोमनाथला कळलं. दोघांनी भेळ घेतली आणि खाल्ली.

बोर्डाचं मत दोन-अडीच महिन्यांनी आलं. इजा नोकरीमुळं, हे पूर्वीप्रमाणेच मान्य. जखम भरलेली, चाल सामान्य, रुग्णाची सध्या तक्रार नाही, शारीरिक श्रमाचं काम नियमित करतो. टक्केवारी पूर्वीइतकीच, विसाच्या आत. कोणी कोणावर अन्याय केला नव्हता. डॉक्टरांनी जे पाहिलं आणि ऐकलं ते लिहिलं होतं.

आबासाहेबांनी कागद वाचला, चष्मा काढला. "गाढवा, जखम बरी करून गेलास?"

"पट्टी मीच केली, आबासाहेब," करुणा म्हणाली. "रोज दोन येळा."

त्या दिवशी आबासाहेबांनी पुढची एकही शिवी दिली नाही, आणि चहाही न घेता गेले.

सोमनाथ सोमवारी पिंपळीला गेला. भरतीची तारीख जवळ आली होती, पोरांचं धावणं दोन वेळा सुरू झालं होतं. मागं शिट्टी वाजवत उभं राहणं त्याला कधीच जमलं नव्हतं. गुलाबी कातडी पहिल्याच आठवड्यात गेली. पुढच्या महिन्यात त्याला शनिवारी घरी यायला सुट्टी मिळाली नाही. मोजा दोन आठवडे करुणाच्या हाताखाली आला नाही. एका सकाळी ग्राउंडावर पोरं चक्कर पुरी करून आली तेव्हा सर खाली बसले होते, आणि अंगात इतका ताप होता की विचारलेलं त्यांना समजत नव्हतं. दोघा पोरांनी बूट काढायला घेतला. मोज्याबरोबर कातडी आली. वास आला. रांगेतली पोरं मागं सरकली.

बारामतीच्या हॉस्पिटलात डाव्या पायाचा पुढचा भाग काढला. खर्च माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेतून झाला, तेवढं एक सुरळीत पार पडलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. जे सांगितलं होतं तेच करावं लागलं, असं म्हणून त्या पुढच्या खाटेकडं गेल्या.

विजयसिंह मोसंबी घेऊन आले. खाटेशेजारी उभे राहून बराच वेळ पायाच्या जागी चादर जिथं खाली बसली होती तिथं बघत राहिले.

"मला एका शब्दानं सांगायचं हुतं, सोमनाथराव."

"सांगितलं असतं तर ठेवलं असतं का, दादा?"

विजयसिंह खोटं बोलणारे नव्हते. "न्हाय," ते म्हणाले. "पालक बगत्यात." मग जरा वेळानं, "ह्या म्हैन्याचा पगार अन् वरचा एक, दोन्ही घरी पोचवतो. ऑफिसात बसून काय करता आलं तर बगू." ते पगार पोचले. ऑफिसात बसायचं पुन्हा निघालं नाही. नवा प्रशिक्षक आला, फलटणकडचा, दोन्ही पाय धड असलेला. फ्लेक्स मात्र काढला नाही; त्यावरचा फोटो चांगला आला होता, आणि नव्या माणसानं बर्फ पाहिलेला नव्हता.

स्वरूपानं शेवटच्या वर्षाला औषधाच्या दुकानात अर्धा दिवस काम धरलं. करुणा बावड्यातल्या द्राक्षाच्या बागांत मजुरीला जाऊ लागली. सोमनाथ मागच्या अंगणात त्याच दगडावर बसून दिवस घालवायचा. आता पाय लपवायचं काही कारण नव्हतं, पण येणारंजाणारं दिसलं की तो टॉवेल पायावर ओढून घ्यायचा.

आबासाहेब आले ते दुपारचे. या खेपेला स्वतःच बोलायला कचरत होते.

"आता अर्धा पाय गेला म्हंजी टक्के वाढले, हे कुनीबी सांगंल. पन शेवटचं मत देऊन झालंय. पुना अर्ज केला, तर पयला प्रश्न ह्योच, की बोर्डानं बगितलं तवा पाय चांगला हुता, मग बिघडला कशानं? नोकरी सोडल्यावर तू पळालास, त्यानं. अन् हे तूच तितं सांगून आलायस. तरी म्हनत असशील तर लिवतो."

"नगं, साहेब."

"लिवायला काय जातंय माझं?"

"नगं. परत तपासाया बोलावतील."

आबासाहेबांनी त्याच्याकडं पाहिलं. चेष्टा करतोय की काय, असं त्यांना वाटलं. सोमनाथ चेष्टा करत नव्हता.

ते निघायच्या बेतात असताना फोन वाजला. दीपक. दोन वर्षांपूर्वी सोमनाथच्या हाताखालून गेलेला पोरगा, सपाट तळव्याचा. वाळूत चालून चालून पास झालेला. फोन पलटणीतून होता. करुणा बागेतून नुकतीच आली होती; तिनं फोन उचलून आवाज मोठा केला आणि नवऱ्यापुढं धरला.

"जय हिंद, सर! पलटन ग्लेशियरला चाललीय. वरच्या चौकीसाठी नावं मागवल्यात. भत्ता लई हाय, सर. घराचं काम अर्धवट पडलंय, आई रोज इचारती."

सोमनाथनं पायावरचा टॉवेल सारखा केला.

"सर? ऐकू येतंय का?"

"येतंय. बोटं बधिर झाली की त्याच घडीला सांगायचं. कुनालाबी. लपवायचं न्हाय."

"व्हय, सर!"

उत्तर छातीतून आलं, वाक्य संपायच्या आत. सोमनाथनं फोनकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

करुणानं फोन आपल्याकडं ओढला. "दीपक, मी मॅडम बोलतीय. सरांचा पाय कापलाय. अर्धा. ग्लेशियरवर बोटं गेली हुती, ती तुमच्यापास्नं लपवून तुमास्नी पळवत हुते. त्यापायी गेला. पेन्शन न्हाय, काय न्हाय. ऐकतोस का? नाव देऊ नगंस."

पलीकडं वाऱ्याचा आवाज येत होता. मागं कोणीतरी हिंदीत हाका मारत होतं.

"मॅडम," दीपक म्हणाला, "नाव मी कालच दिलंय. मेडिकल बी झालं. सरांच्या पाया पडायचं ऱ्हायलं हुतं, म्हनून फोन केलता."